सात अमिराती, सात राज्यं

मंडळी, आपण राहतो त्या देशात सात अमिराती आहेत हे इथे उतरल्यावर पहिल्या आठवड्यातच कळतं. पण सातही पाहिलेली माणसं आपल्या मंडळात शोधावी लागतात. अबुधाबीकर खरेदीला दुबईला जातो. दुबईत नोकरी करणारा भाडं परवडत नाही म्हणून शारजात राहतो, आणि सकाळ-संध्याकाळ त्या दोन अमिरातींच्या मध्ये ट्रॅफिकमध्ये बसून असतो. अजमान 'शारजाच्या पुढे कुठेतरी' असतं. उम्म अल कुवैन हे नाव तर अनेकांनी फक्त हमरस्त्यावरच्या पाटीवर वाचलेलं! आम्ही इतकी वर्षं अबुधाबीत काढली, पण सातही अमिराती एका दमात पाहायचा योग आला तो 2024च्या दिवाळीत, आणि तोही पाहुण्यांमुळे.

पाहुणे म्हणजे आमचा भाचा आणि भाचेसून. राहतात अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या एका उपनगरात, म्हणजे पेनसिल्व्हेनिया राज्यात. भाचा एका विमा कंपनीत आकडेमोड करतो. "कोण कधी जाणार याचा हिशोब करतो," असं आमची सौ. सगळ्यांना सांगते. त्या वर्षी पाडवा आणि भाऊबीज नेमके 2 आणि 3 नोव्हेंबरला, शनिवार-रविवारी आले होते. मंगळवारी, 5 तारखेला, अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. 20 तारखेला महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान. त्यामुळे गाडीत चकल्यांचा डबा होता, थर्मासमध्ये चहा होता, आणि तोंडी लावायला दोन निवडणुकांच्या जनमत चाचण्या होत्या.

आधीच सांगून टाकतो, कुठल्या पक्षाचं बरोबर नि कुणाचं चूक, हा या लेखाचा विषय नाही. आपल्या अंकात त्याला जागाही नसते. पण या दोन दिवसांत चाचण्यांचे आकडे कसे वाचावेत याचं जे काही शिक्षण आम्हाला मिळालं, ते रस्त्याच्या कडेकडेने मिळालं. म्हणून प्रवासाबरोबरच सांगतो.

पाडव्याच्या पहाटे निघालो तर बाहेर धुकं. हे दिवस सुरू झाले की आपल्याकडे हे व्हायचंच. अबुधाबी-दुबई रस्त्यावरच्या विजेच्या पाट्यांवर वेगमर्यादा 80वर आली होती. जुन्या मंडळींना मार्च 2008 आठवत असेल. याच रस्त्यावर धुक्यात दोनशेच्या आसपास गाड्या एकमेकांवर आदळल्या होत्या. तेव्हापासून धुकं म्हटलं की आम्ही निमूटपणे डाव्या लेनचा मोह सोडतो. दुबईतल्या मित्राला फोन केला, तिथेही धुकं. शारजातल्या चुलतभावाला विचारलं, तिथेही तेच. फक्त फुजैराला नोकरी करणारा आमचा एक स्नेही म्हणाला, "इथे लख्ख ऊन आहे, या!" हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पहिला मुक्काम अबू मुरैखाच्या मंदिराचा. 14 फेब्रुवारी 2024ला त्याचं उद्घाटन झालं. राजस्थानचा गुलाबी दगड, इटलीचा संगमरवर, आणि वर सात शिखरं, सात अमिरातींची. दिवाळीमुळे गर्दी भरपूर होती, पण नाव आधी नोंदवलं होतं म्हणून दर्शन नीट झालं. भाचा शिखरं मोजत म्हणाला, "मामा, आमच्याकडेही सध्या सगळं सातवरच अडलंय."

मग गाडीत त्याने ते समजावून सांगितलं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष देशभरच्या मतांच्या बेरजेवर निवडला जात नाही. प्रत्येक राज्याला ठरावीक मतं आहेत, एकूण 538, आणि जिंकायला 270 लागतात. जवळजवळ सगळ्या राज्यांत जो पुढे त्याला त्या राज्याची सगळीच्या सगळी मतं मिळतात. कॅलिफोर्निया कुणाचं, टेक्सास कुणाचं, हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. अडतं ते सात राज्यांत : पेनसिल्व्हेनियाची 19, जॉर्जिया आणि नॉर्थ कॅरोलायनाची 16-16, मिशिगनची 15, ॲरिझोनाची 11, विस्कॉन्सिनची 10 आणि नेवाडाची 6. बेरीज 93. या सात राज्यांत चाचण्या काय म्हणतात तेवढंच पाहायचं, बाकी देशाची टक्केवारी ही नुसती करमणूक.

आमच्या गाडीत माणसं चार, पण त्या 93 मतांशी संबंध असलेला मतदार एकच. भाच्याने आपलं मत टपालाने टाकलं होतं. भाचेसुनेचं ग्रीनकार्ड, म्हणजे तिला अमेरिकेत मत नाही. आणि आम्ही दोघं भारतीय पासपोर्टवाले. आमचं मत सांगलीला, आणि आम्ही शेख झायेद रोडवर!

दुबईत जुमेराला युनियन हाऊस पाहिलं. 2 डिसेंबर 1971ला इथेच सहा अमिरातींनी एकत्र यायचं ठरवलं. रास अल खैमा 10 फेब्रुवारी 1972ला सामील झालं आणि सात पूर्ण झाल्या. शेजारी एतिहाद म्युझियम आहे. त्याचं छप्पर जुन्या हस्तलिखिताच्या कागदासारखं वळलेलं, आणि सात खांब म्हणजे करारावर सह्या करणाऱ्या लेखण्या. योगायोगाने आम्ही गेलो तो दिवस शेख झायेद यांच्या निधनाला वीस वर्षं पूर्ण होण्याचा होता. ते गेले 2 नोव्हेंबर 2004ला.

भाचेसुनेने विचारलं, "मामी, इथे राष्ट्राध्यक्ष कसा निवडतात?" सौ.ला हे पाठ आहे. सात अमिरातींच्या शासकांचं सर्वोच्च मंडळ आपल्यातून एकाची पाच वर्षांसाठी निवड करतं. 14 मे 2022ला शेख मोहम्मद बिन झायेद यांची निवड अशीच झाली. मतं सात, पण महत्त्वाच्या ठरावाला पाच जणांचा होकार लागतो, आणि त्या पाचांत अबुधाबी आणि दुबई हवेतच. चाळीस जणांच्या राष्ट्रीय परिषदेतही अबुधाबी आणि दुबईचे आठ-आठ, शारजा आणि रास अल खैमाचे सहा-सहा, बाकी तिघांचे चार-चार सदस्य. यातले निम्मे 2006पासून निवडून येतात. पहिल्या वेळी मतदार सात हजारांच्या आत होते, 2023मध्ये जवळजवळ चार लाख झाले, आणि त्या वर्षी इथल्या नागरिकांना फोनवरूनसुद्धा मत देता आलं.

"म्हणजे कुठलाही संघ घ्या," भाचा म्हणाला, "डोकी किती यापेक्षा डोकी कुठे आहेत हे महत्त्वाचं." त्याने 2016चं उदाहरण दिलं. हिलरी क्लिंटन यांना देशभरात 28 लाखांहून जास्त मतं अधिक पडली आणि त्या हरल्या, कारण पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन मिळून ट्रम्प 78 हजारांच्या आत मतांनी पुढे राहिले. आम्ही म्हटलं, हे आम्हाला अमेरिकेने शिकवायला नको! 2024च्या लोकसभेला महाराष्ट्रात महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांत एका टक्क्याचाही फरक नव्हता, आणि जागा मात्र 30 आणि 17. उत्तर-पश्चिम मुंबईचा निकाल तर 48 मतांनी लागला. आता सांगा, कुठली चाचणी 48 मतं पकडणार?

दुबईहून शारजाकडे जाताना मुहैस्ना लागतं. आपण सगळे त्याला सोनापूर म्हणतो. मुंबईकराला हे नाव ऐकून चमकायला होतं, कारण मरीन लाइन्सचं सोनापूर म्हणजे स्मशान. इथलं सोनापूर म्हणजे कामगारांच्या वसाहती. पहाटे चारला रांगेत उभ्या राहिलेल्या बसगाड्या, खिडकीला डोकं टेकून झोपलेली माणसं. त्या दिवशीही बस जात होत्या. बांधकामाला पाडवा नसतो.

इथे आमचा चाचणीशास्त्राचा खरा तास झाला. आपल्याकडे म्हणच आहे, शितावरून भाताची परीक्षा. जनमत चाचणी म्हणजे दुसरं काही नाही. पातेलं केवढं आहे याला महत्त्व नाही. भात सगळीकडे सारखा शिजला असेल तर चार शितं पुरतात. म्हणून कोट्यवधी मतदारांच्या राज्यात आठशे-हजार माणसांना विचारून अंदाज बांधता येतो. पण भात खाली करपला असेल आणि शितं तुम्ही वरूनच घेतली तर?

भाचा म्हणाला, "समजा मी एका दुपारी फोन करून तुमच्या दुबईचा कल शोधायला निघालो. फोन कोण उचलेल? ऑफिसात एसीत बसलेला. त्या बसमधला माणूस उचलेल का?" नाही उचलणार. तो बाराव्या मजल्यावर परातीवर उभा असेल, नाहीतर रात्रपाळी करून झोपलेला असेल. मग चाचणीवाले काय करतात? त्यांना माहीत असतं की वस्तीत कामगार इतके टक्के आहेत, आणि आपल्या यादीत कमी आलेत. म्हणून जे थोडे कामगार बोलले त्यांचं उत्तर ते गुणून मोठं करतात. याला भार देणं म्हणतात. वाईट काही नाही त्यात, पण एक अट आहे. जे बोलले ते न बोललेल्यांसारखेच असायला हवेत. बोलणारा फोरमन आणि न बोलणारा हमाल यांचं मत वेगळं असेल, तर कितीही गुणा, भात करपलेलाच राहणार.

2016मध्ये अमेरिकेत असंच झालं. चाचण्या घेणाऱ्यांच्या त्यांच्याच संघटनेने पुढच्या वर्षी तपासणी करून सांगितलं की राज्यपातळीवरच्या अनेक चाचण्यांनी शिक्षणाप्रमाणे भार दिला नव्हता. कॉलेजात शिकलेले लोक चाचणीला उत्साहाने उत्तरं देतात, त्यामुळे यादीत तेच जास्त आले. विस्कॉन्सिनमध्ये चाचण्यांच्या सरासरीत क्लिंटन साडेसहा टक्क्यांच्या आसपास पुढे होत्या, आणि निकालात ट्रम्प एका टक्क्याहून कमी फरकाने जिंकले. पुढे शिक्षणाचा भार लावला, तरी 2020मध्ये चूक आणखी वाढली. विस्कॉन्सिनमध्ये एका नामांकित चाचणीत बायडन 17 टक्क्यांनी पुढे होते. ते जिंकले, पण एका टक्क्याहूनही कमी फरकाने. करपलेला भात पातेल्याच्या तळाशीच राहिला होता.

शारजा ओलांडून अजमानला पोहोचलो. अजमान सगळ्यांत लहान, 259 चौरस किलोमीटर. एकट्या अबुधाबीने देशाची 87 टक्के जमीन व्यापली आहे. नकाशावर अजमान दिसतच नाही, पण किनाऱ्यावर संध्याकाळी उभे राहा, माणसांनी फुललेलं असतं! निवडणुकीच्या रात्री टीव्हीवर रंगवलेले नकाशे दाखवतात त्यांचंही असंच आहे. रंग जमिनीला लावतात, मतं माणसं देतात.

उम्म अल कुवैनला खाडीकाठची कांदळवनं पाहिली. आपल्या कोकणातल्या खाड्यांची आठवण व्हावी अशी हिरवी आणि शांत. मग एका मल्याळी कॅफेटेरियात कडक चहा आणि परोठा. मालक आमची चर्चा कान देऊन ऐकत होता. आमच्या 'इलेक्शन' या एका शब्दावर तो खुर्ची ओढून बसला आणि वायनाडच्या 13 नोव्हेंबरच्या पोटनिवडणुकीबद्दल बोलू लागला. कुठल्या पंचायतीत किती मतं, कुणाचा मेहुणा कुठल्या पक्षात, सगळं तोंडपाठ! शेवटी म्हणाला, "पेपरमधले सर्वे मी बघत नाही. सगळे एकमेकांचं बघून लिहितात."

भाचा चहाचा पेला ठेवून हसला. म्हणाला, "मामा, आमच्याकडच्या मोठ्या मोठ्या तज्ज्ञांची याच आठवड्यात हीच तक्रार आहे." कारण असं. आठशे माणसांच्या चाचणीत साडेतीन टक्क्यांची चूक वर किंवा खाली गृहीतच धरलेली असते. आणि ती एकेका उमेदवाराच्या आकड्यात. दोघांतल्या आघाडीत ती जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे खरी स्थिती अगदी बरोबरीची असली, तरी दहा चाचण्या घेतल्या तर एखादीत हा चारने पुढे, एखादीत तो पाचने पुढे, असं विखुरलेलं चित्र दिसायला हवं. पण पेनसिल्व्हेनियात शेवटच्या आठवड्यांत चाचणीमागून चाचणी येत होती, आणि जी ती एक टक्का इकडे नाहीतर तिकडे. इतकी एकी नशिबाने होत नाही. वेगळा आकडा आला की पुन्हा भार बदलून तो गर्दीत नेऊन बसवायचा, नाहीतर छापायचाच नाही, असा हा प्रकार. कळपातली मेंढरं जशी एकमेकांना चिकटून चालतात तशी. सगळे एकच सांगतात म्हणून ते खरं असेलच असं नाही. कधी कधी ती नुसती भीती असते.

मुक्काम रास अल खैमाला. वाटेत अल जझीरा अल हमरा हे ओसाड गाव पाहिलं. मोत्यांच्या धंद्यावर जगलेलं, प्रवाळाच्या दगडांची घरं असलेलं. माणसं कधीच उठून गेली, भिंती उभ्या आहेत. मन जरा जड झालं. रात्री हॉटेलच्या गॅलरीत पाडव्याचं औक्षण झालं. ओवाळणीत सौ.च्या ताटात पडलेल्या सुट्या दिरहमांतली सात नाणी भाच्याने उचलली आणि म्हणाला, "चला, सात राज्यं!" आपल्या दिरहमवर एका बाजूला कॉफीची किटली आहे. सातही नाणी उडवली. चार किटल्या, तीन आकडे. पुन्हा उडवली. तीन किटल्या, चार आकडे.

"प्रत्येक राज्य पन्नास-पन्नास आहे, असं चाचण्या म्हणतात," तो म्हणाला. "मग सातही एकाच्याच खिशात जातील याची शक्यता किती?" हिशोब साधा आहे. सात नाण्यांचे प्रकार 128, त्यांतले सगळे सारखे फक्त दोन. म्हणजे चौसष्टात एक. भाचेसून म्हणाली, "म्हणजे होणारच नाही!" भाचा म्हणाला, "नाणी सुटी असतील तर नाही होणार. राज्यं सुटी आहेत का ते उद्या बघू."

उद्या उजाडलं ते एका बातमीने. अमेरिकेत शनिवारी संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडे रविवारच्या पहाटे, आयोवा राज्याची चाचणी प्रसिद्ध झाली होती. आयोवा त्या सातांत नाहीच, ते ट्रम्प यांचंच धरलेलं. पण तिथल्या डे मॉइन रजिस्टर या दैनिकासाठी ॲन सेल्झर या बाई चाचणी घेत, आणि त्यांची ख्याती अशी की 2016 आणि 2020 दोन्ही वेळा बाकीचे गडबडले तेव्हा त्यांनी ट्रम्प यांना सात टक्क्यांची आघाडी दाखवली होती, आणि निकाल जवळपास तसेच लागले. त्याच बाई आता 808 मतदारांना विचारून सांगत होत्या, हॅरिस 47, ट्रम्प 44! भाच्याचा फोन मित्रांच्या निरोपांनी सारखा वाजत होता. कुणाला आनंद, कुणाला संताप.

सौ.ने भाऊबीजेच्या सकाळी नेमका प्रश्न विचारला, "बाई कळपात गेल्या नाहीत हे चांगलंच. पण एका शितावर किती विश्वास ठेवायचा?" भाच्याला हे फार आवडलं. वेगळा आकडा छापण्याचं धाडस करणाऱ्याचा मान ठेवायचा, आणि तो आकडा सरासरीत इतरांच्या बरोबरीने घालायचा. त्याच्यावर गुढी उभारायची नाही.

रास अल खैमाहून डोंगरातून दिब्बाला निघालो. हजर पर्वत म्हणजे नुसते दगड. तपकिरी, करडे, मधूनच जांभळट. एका बाजूला जबल जैस, 1,934 मीटर. मागे वळून पाहिलं तर आखाताच्या बाजूला पांढुरक्या धुक्याची चादर, अबुधाबीपासून रास अल खैमापर्यंत एकच. आणि वळण घेऊन पलीकडे उतरलो तर ओमानच्या समुद्रावर निळंशार आकाश!

भाच्याने गाडी बाजूला घ्यायला लावली. "मामा, काल सकाळी तुम्ही दुबईला फोन केलात, शारजाला केलात. दोघांकडेही धुकं. हा योगायोग होता का?" योगायोग कसला? सहा अमिराती एकाच किनाऱ्यावर आहेत. अबुधाबीत धुकं दाटलं तर दुबईतही असणार हे सांगायला वेधशाळा नको. फक्त फुजैरा डोंगरापलीकडे. तिचं हवामान निराळं.

"राज्यांचंही तसंच," तो म्हणाला. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन ही एकाच पट्ट्यातली राज्यं. तसेच कारखाने, तसेच शेतकरी, तसेच फोन न उचलणारे लोक. चाचणीवाल्यांनी पेनसिल्व्हेनियात ज्या कारणाने चूक केली, त्याच कारणाने ते मिशिगनमध्येही चुकतील, आणि त्याच बाजूला चुकतील. म्हणून ही सात नाणी सुटी नाहीत, एका दोऱ्यात ओवलेली आहेत. सातही राज्यं अटीतटीची आहेत याचा अर्थ निकाल चार-तीन लागेल असा नाही. दोऱ्याला हलकासा झटका बसला तरी सातही एकाच बाजूला जाऊ शकतात. कुठल्या, ते मात्र चाचणी सांगू शकत नाही.

दिब्बा हे गावही मजेचं आहे. एक भाग फुजैराचा, एक शारजाचा आणि एक ओमानचा. पुढे अल बिदियाची चिमुकली मशीद पाहिली, पंधराव्या शतकातली, देशातल्या अजून वापरात असलेल्या मशिदींत सगळ्यांत जुनी मानली जाणारी. चार बुटके घुमट, आत मधोमध एकच खांब. मग खोर फक्कान, जे शारजाचं असून फुजैराच्या मधोमध बसलेलं आहे. फुजैराला समुद्रात तेलवाहू जहाजांची रांग दिसली. सात अमिराती पूर्ण झाल्या. सौ.ने किनाऱ्यावर भाच्याला ओवाळलं, कारण त्याची बहीण पुण्यात, आणि तिने व्हिडिओ कॉलवरून तसं बजावलं होतं!

दुपारी सांगलीला सासूबाईंना फोन लावला. निवडणुकीचं काय वारं आहे म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "मला काय ठाऊक? टीव्हीवर रोज सर्वे दाखवतात. साठ वर्षं मत देते, मला एकदाही कुणी विचारायला आलं नाही." आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी हे वाक्य ऐकू येतं, आणि त्यावरून चाचण्या खोट्या असं ठरवलं जातं. पण महाराष्ट्रात तेव्हा मतदार होते 9 कोटी 70 लाख. अगदी लाखभर लोकांना विचारलं, तरी जवळजवळ हजारात एकाचा नंबर. सासूबाईंचा नंबर लागला नाही यात लबाडी नाही. त्यांच्यासारख्या दुसऱ्या कुणा आजीला विचारलं की नाही, एवढाच प्रश्न.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. बुधवारी 6 तारखेला आपल्या दुपारी अडीचच्या सुमारास निकाल स्पष्ट झाला, आणि सातही राज्यं ट्रम्प यांच्याकडे गेली. 312 विरुद्ध 226. विस्कॉन्सिनमध्ये फरक एका टक्क्याहून कमी, पेनसिल्व्हेनियात पावणेदोन टक्क्यांच्या आसपास, ॲरिझोनात साडेपाच. म्हणजे बहुतेक ठिकाणी चाचण्या फार चुकल्या नव्हत्या, दोन-तीन टक्केच. पण सगळीकडे एकाच बाजूला. आयोवा ट्रम्प यांनी 13 टक्क्यांनी जिंकलं. सेल्झरबाईंनी त्याच महिन्यात चाचण्यांचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. सगळ्यांपासून वेगळा आकडा आला असता तो लपवायचा नाही, हे त्यांनी केलं, आणि ते आम्हाला कळपात चालण्यापेक्षा मोठं वाटतं.

मग 20 तारीख. मतदानोत्तर चाचण्या भारतात साडेसहापर्यंत दाखवायला बंदी होती, म्हणजे आपल्याकडे पाच. पाच वाजता आमच्या ऑफिसातली सगळी मराठी मंडळी एकदम बाथरूमला गेली! मागचे दोन धडे ताजे होते. जूनमध्ये एका प्रसिद्ध संस्थेच्या अंदाजात एनडीएला 361 ते 401 जागा होत्या, मिळाल्या 293. ऑक्टोबरमध्ये हरियाणात काँग्रेस येणार असं बहुतेक सगळे म्हणत होते, आली भाजप. महाराष्ट्रात या वेळी बऱ्याच चाचण्यांनी महायुतीला पुढे दाखवलं, काहींनी महाविकास आघाडीला. पण आम्ही पाहिलेल्यांपैकी कुणीही तीन पक्षांच्या 230 जागांपर्यंत पोहोचलं नाही. 288पैकी 230! विदर्भ, मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र, कोकण, सगळी नाणी एका दोऱ्यात. मतं निम्म्याच्या आसपास, जागा ऐंशी टक्के. डोंगरापलीकडची फुजैरा कुठे दिसलीच नाही.

तेव्हा वाचकहो, पुढच्या निवडणुकीला टीव्हीसमोर बसाल तेव्हा एवढं करा. एका चाचणीवर पैज लावू नका, पाच-दहांची सरासरी पाहा. आघाडी दोन-तीन टक्क्यांची असेल तर ती बरोबरीच समजा. टक्के आणि जागा यांची गल्लत करू नका. कुणाला विचारलं यापेक्षा कुणी उत्तर दिलं नसेल हे आधी मनात आणा. आणि शेजारशेजारच्या मुलखांची चूक एकत्र चालते, हे धुक्यावरून लक्षात ठेवा.

आता शेवटचा एक आकडा, तो चाचणीचा नाही, निवडणूक आयोगाचा आहे. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला 2011पासून मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. त्यासाठी 6-ए नंबरचा अर्ज आहे. मत मात्र गावी जाऊन, पासपोर्ट दाखवून, केंद्रावरच द्यावं लागतं. 2024च्या लोकसभेला अशी नोंद असलेले देशभरात 1 लाख 19 हजार होते, त्यांतले बहुसंख्य केरळचे. प्रत्यक्ष मत दिलं तीन हजारांहून कमी लोकांनी, आणि त्यांतही बहुतेक सगळे केरळचेच. तो उम्म अल कुवैनचा चहावाला उगाच खुर्ची ओढून बसला नव्हता! महाराष्ट्राची परदेशी नोंद होती 5,097. त्यांतले मत द्यायला पोहोचले 17.

सतरा! आपल्या मंडळाच्या कोजागिरीला दुधाच्या पातेल्याभोवती याहून जास्त लोक असतात. भाच्याने फिलाडेल्फियातून पाकीट टपालात टाकलं, इथल्या नागरिकांनी फोनवर बोट ठेवलं. आपल्याला विमानाचं तिकीट काढावं लागतं हे खरं, आणि टपालाची सोय व्हावी ही मागणी रास्तच आहे. पण नाव नोंदवायला तिकीट लागत नाही. आपली नावंच यादीत नसतील तर सोय कुणासाठी करायची, असं कुणीही विचारील. पुढची लोकसभा 2029मध्ये. तोवर पासपोर्टची प्रत आणि एक फोटो घेऊन हा अर्ज भरून टाकू या. सुट्टी मे महिन्यात जुळली तर मत, नाही जुळली तर निदान मोजणीत तरी येऊ. चाचणीवाले आपल्याला विचारणार नाहीतच. यादीने तरी विचारावं!